पुजलेल्या ट्रॅक्टरवरचा पंप

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नाहीतर पुढे चहाचा ठसका लागेल, आणि मग म्हणाल, सुमनबाईंनी आधी सांगितलं नाही. सांगते ना! मी आयुष्यात चुका पुष्कळ केल्या. डाळीत साखर टाकली. शेजारणीच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. एकदा तर गोठ्याची कडी बाहेरून लावून आले आणि आमचे हे आत म्हशीजवळ! पण त्या सगळ्या घरातल्या घरात जिरल्या. ही एकच अशी, जी अख्ख्या गावाच्या देखत झाली, सणाच्या दिवशी झाली, आणि तीही अगदी मनोभावे झाली.

माझा मूळ दोष आधी सांगते. मला जागेपणी स्वप्नं पडतात. हात काम करत राहतात आणि मन उठून कुठंतरी निघून जातं. भाकरी थापता थापता मी कुठल्या कुठं जाऊन येते, आणि भाकरी मात्र गोल! हातांना सवय असते ना. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणतात, "सुमन घरातच असते, पण तिले बोलवाले माणूस धाडा लागते."

आता या स्वप्नाचं सांगते.

मेहकरला माझ्या धाकट्या भावाचं गाड्या धुण्याचं सर्व्हिसिंग सेंटर होतं. एकदा माहेरी गेले असताना त्याच्याकडे सहज डोकावले. उन्हं तिरपी झाली होती. भाऊ एका चिखलानं माखलेल्या जीपवर पाण्याचा फवारा मारत होता. पाण्याचं धुकं उठलं, आणि त्या धुक्यात, माझ्या कमरेएवढ्या उंचीवर, एक इंद्रधनुष्य उभं राहिलं. हातभर लांबीचं, अगदी घरगुती! मी पुढे होऊन त्यात हात घातला. हातावर सात रंग. भाऊ ओरडत होता, "ताई, सर ना मागं, चप्पल भिजली तुही!" चप्पल भिजली, साडी भिजली, मी काही सरले नाही.

पुढे त्याला नाशिकला नोकरी लागली आणि त्यानं सेंटर बंद केलं. भाऊबीजेला मला म्हणाला, "ताई, यंदा बोल काय देऊ. पैठणी?"

मी म्हटलं, "ते मशीन दे."

ओवाळणीचं ताट माझ्या हातात, निरांजन तेवत होतं, आणि सगळं माहेर माझ्याकडं बघतंय. आई तर माझ्या कपाळाला हात लावून पाहू लागली.

तर असं ते मशीन आमच्या घरी आलं. लोखंडी फ्रेम, तिच्यावर एका बाजूला विजेची मोटर, दुसऱ्या बाजूला पितळी डोक्याचा पंप, मधे बेल्ट. पंपाला लांबच लांब काळा पाइप आणि पाइपाच्या टोकाला बंदुकीसारखी नळी. तिला सगळे गनच म्हणतात. आमचं शेत घराला आणि साखरखेर्ड्याच्या रस्त्याला लागून आहे. रस्त्याकडच्या कोपऱ्यात एक बाभूळ आहे, विहीर जवळ आहे, आणि तो तुकडा पडीकच असतो. मी मनात तिथं सेंटर टाकूनही मोकळी झाले. बाभळीखाली बाक, बाकावर बसलेली गिऱ्हाइकं, माठातलं पाणी, पाटीवर माझं नाव, आणि दिवसभर माझ्या कमरेएवढ्या उंचीवर ते इंद्रधनुष्य.

पण एक गोष्ट माझ्या स्वप्नात नव्हती. वीज!

शेतातल्या तीन फेजच्या लाईटला वेळापत्रक असतं. पण ते तिला कोणी वाचून दाखवलेलं नसतं. करून बघायला म्हणून पहिलीच गाडी घेतली ती एका पाहुण्यांची जीप. अर्धी धुतली आणि लाईट गेली. पाहुण्यांना लग्न गाठायचं होतं. जीप डावीकडून पांढरीशुभ्र आणि उजवीकडून काळी, अशीच लग्नाला गेली. नवरदेवाकडचे म्हणे शेवटपर्यंत दोन गाड्या मोजत होते.

मग एक दिवस खळ्यावर सोयाबीन काढायला ट्रॅक्टर लावला होता. ट्रॅक्टरच्या मागे एक फिरता दांडा असतो, त्याला पीटीओ म्हणतात. त्याच्या जोरावर मळणी यंत्र धडधडत होतं. मी सुपात दाणे घेऊन उभी होते आणि त्या दांड्याकडे बघत होते. बघता बघता गेले निघून! तो दांडा फिरतोय, त्याच्यावर मळणी यंत्र नाही, माझा पंप आहे, आणि लाईट गेली तरी पाणी उडतंय...

"अहो," मी म्हटलं, "मोटर काढून टाकली आणि माझा पंप या दांड्यावर फिरवला तर?"

"अन् दाणे सांडून राह्यली ते कोन उचलन?" हे म्हणाले.

सूप उलटं झालं होतं. तरीही मी आठ दिवस तेच बोलत राहिले. जेवताना, झोपताना, म्हशीची धार काढताना. शेवटी हे वैतागले.

"बरं, ऐक," म्हणाले. "खंडेनवमीले गावातल्या साऱ्याइलेच ट्रॅक्टर धुवाचा असते, अन् दरसाल नेमकी त्याच दिवशी डीपी जाते, साऱ्या गावात लाईटच नसते. तू त्या दिवशी लाईटबिगर ट्रॅक्टर धुऊन दाखव. जमलं तं रस्त्यावरचा कोपरा तुहा. नाही जमलं तं तिथं मी कडब्याची गंजी लावतो, अन् मशीन भंगारात. बोल."

"बोलले!" मी म्हटलं.

आत्याबाई ओट्यावर वाती वळत होत्या. त्यांनी तिथूनच सांगितलं, "धुणंपाणी काय ते पूजेच्या आधी उरका, बापा. एकडाव कुंकू लागलं का अवजार दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत जागचं हलत नसते. तुह्या सासऱ्यानं एका साली पुजलेलं वखर उचललं होतं. सालभर कंबर धरून बसले."

आमच्याकडे हा नियम पक्का. खंडेनवमीला अवजारांची पूजा होते, आणि पुजलेलं अवजार त्या दिवशी विश्रांती घेतं. विळा असो की ट्रॅक्टर. हे मला माहीत नव्हतं असं म्हणू नका. लग्नाला पंचवीस वर्षं झालीत!

साखरखेर्ड्याहून शकील मिस्त्री आले. त्यांनी मोटर उतरवली, पंपाची फ्रेम ट्रॅक्टरच्या मागे बसवली, दांड्याला पुली लावली, बेल्ट ओढला. उतरवलेली मोटर बिचारी अंगणात पडून होती. आमचे चुलतदीर गजानन भाऊजी शेजारीच राहतात. त्यांच्या कडबा कुट्टीच्या यंत्राची मोटर जळाली होती. मी म्हटलं, घेऊन जा भाऊजी, आता मला विजेची काय गरज? दानशूरच की नाही मी!

ट्रॅक्टर सुरू केला. दांडा फिरला. पंप फिरला. मी गन रोखून उभी. आणि गनमधून काय आलं? म्हातारं माणूस चूळ भरतं ना, तसं पाणी. ते माझ्याच पायावर पडलं.

"धुतले बरं पाय," हे म्हणाले. "आता आरती करू का?"

मिस्त्री डोकं खाजवत बसले. मी घरात येऊन शिलाई मशीनवर बसले, कारण मला तिथं बसल्यावर सुचतं. पाय चालू झाले. खालचं चाक मोठं, हळूहळू फिरणारं. वरचं चाक लहान, आणि ते किती वेगानं! मी उठले ती पळतच बाहेर आले.

"मिस्त्री! मोटर जोरात फिरते, म्हणून तिला लहान पुली होती आणि पंपाला मोठी. ट्रॅक्टरचा दांडा हळू फिरतो. मग उलटं नको का करायला? दांड्याला मोठी, पंपाला लहान. शिलाई मशीनसारखी!"

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मग पुल्यांकडे. मग ह्यांच्याकडे. "भाऊ," ते म्हणाले, "तीस साल झाले मी वेल्डिंग करून राह्यलो. ताईनं माह्या तोंडचं काढलं पाहा."

तोंडचं कसलं! पण असू द्या.

दुसऱ्या दिवशी पुल्या बदलल्या आणि फवारा असा सुटला, की मिस्त्रींची टोपी बाभळीवर गेली आणि कोंबड्या दोन दिवस घरी आल्या नाहीत. गोठ्यातला थर निघाला आणि खाली फरशी आहे हे मला लग्नानंतर पहिल्यांदा कळलं. कोपऱ्यात रचायला आणलेला कडबा ह्यांनी गुपचूप मागे नेला. ते मी पाहिलं बरं का!

आता माझी पहिली चूक ऐका. मिस्त्री म्हणाले, "ताई, फ्रेमले पिना लावून देतो. पाहिजे तवा काढा, पाहिजे तवा कोन्याही ट्रॅक्टरले लावा."

मी म्हटलं, "नको नको, हलेल. पक्कं वेल्डिंग करा."

"मंग याच ट्रॅक्टरचं होईन ते, ताई."

"तेच तर पाहिजे!"

का? तर माझ्या स्वप्नात दरवेळी आमचाच लाल ट्रॅक्टर होता. दुसरा कोणता मी पाहिलाच नव्हता. हरभऱ्याच्या पेरणीला ट्रॅक्टर लागायला अवकाश होता, पुढचं पुढं पाहू म्हणून ह्यांनीही मान डोलावली. मिस्त्रींनी वेल्डिंग मारलं. ठिणग्या उडाल्या. त्या ठिणग्यांतही मला रंग दिसले, तुम्हाला म्हणून सांगते.

आमच्या बचत गटातल्या मंदाताईंनी बातमी पसरवली. त्यांनी सांगितलं इतकंच, "खंडेनवमीले सुमनबाईकडे ट्रॅक्टर धुऊन भेटते, लाईट असो का नसो." ती बातमी वेशीपर्यंत गेली तेव्हा, "मशीन ट्रॅक्टर धुते अन् पुसते," अशी झाली होती. शेजारच्या गावात पोचली तेव्हा, "धुते, पुसते, अन् हार घालून देते!"

उजाडली खंडेनवमी.

मी पहाटेच उठले. टाकी काठोकाठ भरलेली. डिझेल भरलेलं. अंगणात सडा टाकला, रांगोळी काढली. हे शेताच्या बांधावर झेंडूची फुलं तोडायला गेले. जाताना त्यांनी विळे, खुरपी, कुऱ्हाड, टिकाव असं सगळं धुऊन भिंतीशी ओळीनं मांडलं होतं. माझं शिलाई मशीनही बाहेर आणून ठेवलं होतं. त्या ओळीच्या शेवटी उभा होता आमचा ट्रॅक्टर, पाठीवर पंप घेऊन. पावसाळाभराच्या काळ्या मातीनं माखलेला. त्याला सगळ्यांत शेवटी धुणार होते मी, आणि मग संध्याकाळी त्याची पूजा.

आत्याबाईंनी पूजेचं ताट माझ्या हातात दिलं. "लहान अवजारांची तू करून घे. मी पुरणाचं पाहातो."

मी विळ्याला हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता, फूल. मग खुरपी. रानावर पांढरं धुकं उतरलं होतं आणि बाभळीमागून ऊन नुकतं येत होतं. दुसरं खुरपं. हळद, कुंकू, अक्षता, फूल. धुक्यात ऊन शिरलं की कसं सोनेरी होतं सगळं! कुऱ्हाड. हळद, कुंकू. मला वाटलं, हे धुकं म्हणजे माझाच फवारा आहे. टिकाव. फूल. बाभळीखाली बाक आहे, बाकावर माणसं आहेत. शिलाई मशीन. हळद, कुंकू. रस्त्यावरून गाड्या वळताहेत, एकेक गाडी धुक्यात शिरते आणि पलीकडून नवीकोरी होऊन निघते. पाटीवर माझं नाव आहे. अक्षता. कोणीतरी विचारतंय, सुमनबाईंचं सेंटर हेच का? हो, हेच. फूल. आणि त्या सगळ्यावर ते इंद्रधनुष्य, अगदी हाताला लागेल असं. मी वाकले, डोकं टेकवलं...

कपाळाला गार पत्रा लागला.

मी डोळे उघडले. समोर ट्रॅक्टरचं बोनेट. बोनेटवर हळदीकुंकवाची पाच बोटं, अक्षता, झेंडूचं फूल, आणि उदबत्ती शांतपणे धूर सोडतेय.

सांगा आता! तुमचे हात तुमच्याशी असं वागले असते का?

मी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. कोणी नव्हतं. पदराचं टोक घेतलं आणि पुसायला हात पुढे केला.

"सुमन!"

आत्याबाई दारात. हातात पुरणाचा झारा.

"आत्याबाई, ते... हातानं झालं."

"अन् आता पुसून राह्यली? खंडेनवमीले? कुंकू?"

मी पदर खाली सोडला.

"पण आत्याबाई, पूजा ट्रॅक्टरची झाली. पंपाची नाही झाली. पंप तर चालवता येतो ना?"

आत्याबाई शांतपणे ओटा उतरल्या, ट्रॅक्टरच्या मागे गेल्या आणि त्यांनी पंपाकडं बोट दाखवलं. पंपाच्या पितळी डोक्यावर टपोरं कुंकू होतं. त्याला तर मी दोन फुलं वाहिली होती. लाडका ना!

तेवढ्यात रस्त्यावर धडधड ऐकू आली.

पहिले आले गजानन भाऊजी. ट्रॅक्टर चाकापासून छतापर्यंत चिखलाचा. उतरून आमच्या ट्रॅक्टरकडं पाहिलं आणि चेहरा फुलला. "वा वहिनी! उद्घाटन एकटीनंच केलं काय? आमाले बोलवाचं तं!" मी "भाऊजी, थांबा, थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी पूजेसाठी आणलेला नारळ आमच्या चाकापुढे फोडला आणि पाणी बोनेटवर शिंपडलं.

मागून दुसरा आला. त्याला वाटलं, इथं असाच रिवाज आहे. त्यानं हार घातला. तिसऱ्यानं पाहिलं, दोघांनी वाहिलं, मग आपण कसं मागं राहायचं? त्यानं कुंकू लावलं आणि स्टिअरिंगला आंब्याची डहाळी बांधली. शेजारच्या गावाहून दोघं आले, त्यांनी तर चप्पल काढून नमस्कार केला. मी प्रत्येकाला सांगायला जायची, आणि प्रत्येकजण मलाच म्हणायचा, "होऊ द्या ताई, पूजा होऊ द्या, आमाले घाई नाही!" एकीकडं नियम सांगतो की एक बोट कुंकू लागलं तरी हलवायचं नाही, आणि इथं माझा ट्रॅक्टर नवरदेवासारखा सजत चाललेला. घटकाभरात अकरा ट्रॅक्टर दारात उभे. अकराही जण रांगेत उकिडवे बसले. सगळ्यांचं लक्ष माझ्या हातातल्या गनकडं.

ती मी कधी उचलली होती कोण जाणे. एका हातात पूजेचं ताट, दुसऱ्या हातात गन. कोणती देवी आहे हो अशी?

हे टोपलीभर झेंडू घेऊन आले. गर्दी पाहून छाती फुगली. मग ट्रॅक्टर पाहिला. टोपली खाली ठेवली.

"सुमन, हे कोनं केलं?"

"हातानं."

"कोनाच्या?"

मी माझ्या हातांकडं पाहिलं. ते इतके निरागस दिसत होते!

मग जे सुरू झालं ते विचारू नका. एक म्हणे, पंप काढून माझ्या ट्रॅक्टरले लावा. मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, "वेल्डिंग पक्कं हाय, ताई. तुमीच सांगतलं होतं."

"मग येऊन कापून द्या ना, मिस्त्री."

"पुजलेल्या ट्रॅक्टरले गॅसकटर लावू? खंडेनवमीले? ताई, मले याच इलाख्यात राहाचं हाय."

दुसरा म्हणे, मोटरवर चालवा. सगळ्यांच्या माना गजानन भाऊजींकडं वळल्या. भाऊजींनी मान खाली घातली. "वहिनी, मोटर तं... मी सकाळीच कडबा कुट्टी पुजून आलो. मोटरले बी कुंकू लावलं. तुमची आठवण म्हनून जरा जास्तच लावलं."

आणि आता हसू नका, पण त्या दिवशी लाईट होती! दरसाल जाणारी ती डीपी, त्या खंडेनवमीला पहाटेपासून संध्याकाळपर्यंत एकदा लुकलुकलीसुद्धा नाही. घरातला पंखा माझ्याकडं बघून फिरत होता.

मागून कोणीतरी बोललंच, "चला बे, जाऊ घरी. स्वप्नात धुतले समजा." माणसं हसली. एकदोघं उठून पँट झटकू लागली. ह्यांनी एकदा रस्त्याकडच्या कोपऱ्याकडं पाहिलं, आणि मला तिथं कडब्याची गंजी उभी राहिलेली दिसली. इतकी स्पष्ट, की वाळल्या धांड्यांचा वाससुद्धा आला.

मला रडू आलं. मग एकदम वाटलं, टाकी तर भरलेली आहे ना? पूजा ट्रॅक्टरची झाली, पंपाची झाली. टाकीला मी कुंकू लावलं का? लावलं नव्हतं! खरंच लावलं नव्हतं, मागं जाऊन बघून आले.

मी ताट ठेवलं, गन ठेवली, पदर खोचला आणि बादली बुडवली. गोठ्यातला खराटा घेतला. (खराट्यालाही कुंकू नव्हतं. तो ओळीत न येता गोठ्यातच राहून गेला होता म्हणून वाचला.) आणि गजानन भाऊजींच्या ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाला जाऊन भिडले.

"वहिनी, काऊन लाजवता..."

"बोलले होते ना धुऊन देते? मग बसा तिथं!"

मंदाताई तेवढ्यात ताट घेऊन आल्या होत्या, पुरण द्यायला. त्यांनी एकदा सगळं पाहिलं, तोंडाला पदर लावून पोटभर हसल्या, आणि दुसरी बादली उचलली. मग गटातल्या बाकीच्या बायका आल्या. मग ते उकिडवे बसलेले अकरा जण शरमेनं उठले. कोणी गोणपाट घेतलं, कोणी नारळाची शेंडी. पूर्वी नदीवर बैल धुवायचे ना, तसे आम्ही ट्रॅक्टर धुतले, कानाकोपऱ्यांतून बोटं घालून, गप्पा मारत, एकमेकांच्या अंगावर पाणी उडवत. काळी माती वितळून अंगणभर वाहू लागली. दुपारच्या उन्हात मंदाताईंनी बादलीतलं पाणी असं उंच भिरकावलं, की ते हवेत क्षणभर थांबल्यासारखं झालं. आणि त्यात, मी शपथेवर सांगते, रंग होते. एवढेसे. मी हात पुढे केला. बादली माझ्या डोक्यावर रिकामी झाली.

संध्याकाळी अकरा ट्रॅक्टर चकचकीत होऊन आपापल्या घरी पूजेला गेले. त्या दिवशी गावात एकच ट्रॅक्टर न धुता पुजला गेला. अंगावर चार महिन्यांचा चिखल, आणि चिखलावर सहा हार. ओळखलं असेलच कोणाचा.

दसऱ्याला सोनं लुटून झालं. ह्यांनी आपट्याचं पान माझ्या हातावर ठेवलं. मी विचारलं, "गंजी कधी लावता?"

"कोपरा तुहाच हाय," हे म्हणाले. "मशीन चाललं नाही, पन शब्द चालला. मात्र दोन अटी. मिस्त्रीले सांगून पिना लावाच्या. अन् खंडेनवमीले कुंकवाचा करंडा माह्यापाशी राहीन."

आत्याबाई म्हणाल्या, "शहाणा झाला माहा लेक."

सेंटर सुरू झालं. बाभळीखाली बाक आहे, पाटी आहे, आणि उन्हं तिरपी झाली की माझ्या कमरेएवढ्या उंचीवर ते येतंही. पिनांचा उपयोग तर पुढच्याच खंडेनवमीला झाला. पंप पाच मिनिटांत काढून गजानन भाऊजींच्या ट्रॅक्टरवर चढवावा लागला.

कसा काय, म्हणता? करंडा पहाटेपासून ह्यांच्या खिशात होता, हे खरं. सदऱ्याचा खिसा लालेलाल झाला होता बिचाऱ्यांचा.

पण ताटातल्या हळदीचं कोणी काही बोललं होतं का?